पाच फंक्शनचा पलंग, तीन फंक्शनचं काम

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू अशक्त होत जाणारा आजार) आहे. सात-आठ महिन्यांपासून चालणं बंद झालंय. वजन 34 किलो, उंची 132 सेंमी. रात्री चार-पाच वेळा कूस बदलून द्यावी लागते, ती मीच देते. डॉक्टरांनी पाठ आणि गुडघे वर होणारा पलंग घ्यायला सांगितलाय. पुण्यातल्या दुकानात पाच फंक्शनचा इलेक्ट्रिक बेड 1,38,000 ला आहे. हप्ता बिनव्याजी, 18 महिने 7,667, वर प्रोसेसिंग फी जीएसटीसह 2,000. रोखीने घेतला तर 1,26,000. तीन फंक्शनचा नवा 68,000 ला, वापरलेला 46,000 ला, भाड्याने महिना 4,500 आणि 10,000 अनामत. हँडलचा साधा 19,500 ला. मिस्टरांचा पगार हातात 46,000 येतो. घरखर्च औषधं आणि फिजिओ धरून 34,000. एफडी 1,60,000, पीपीएफमध्ये 2,30,000 (आठवं वर्ष), एसआयपी 3,000. मेडिक्लेमचा 21,000 चा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. मिस्टर म्हणतात, तो यंदा राहू दे. सासूबाई म्हणतात, खाटेवर उशा लावल्या की झालं. दुकानदार म्हणतो, बिलावर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळेल. धाकटे दीर मदत करतो म्हणालेत. काय करू? (एक आई, कराड)

उत्तर : ताई, सगळ्यात आधी मेडिक्लेम. पलंगाचं नंतर बोलू.

तो 21,000 चा हप्ता भरा. ही पॉलिसी निदान व्हायच्या आधीपासून आहे आणि मुलाचं नाव त्यात आहे, असं मी धरून चालले आहे (पॉलिसीच्या कागदावर एकदा बघून घ्या). तसं असेल तर तुमच्या घरातला सगळ्यात मौल्यवान कागद तोच. वार्षिक हप्ता चुकला तर साधारण 30 दिवसांची सवलत असते, त्यानंतर पॉलिसी गेली. मग नवी काढायला जाल तेव्हा आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतील, आणि हे निदान वाचल्यावर कंपनी मुलाला घेईलच असं नाही. पावसाळ्यात छातीत कफ झाला आणि चार दिवस आयसीयूत काढावे लागले, तर पलंगाची किंमत एका फटक्यात जाते.

आता मिस्टरांच्या डोक्यात हा विचार आला कुठून, तेही बघा. 46,000 मधून 34,000 गेले, 3,000 एसआयपीत गेले, उरले 9,000. त्यातून 7,667 चा हप्ता वजा केला की हातात 1,333 राहतात. म्हणजे मेडिक्लेम परवडत नाही असं नाही. तो हप्ता घेतला तर परवडत नाही.

आणि तो हप्ता बिनव्याजी नाहीच. रोखीने 1,26,000 ला मिळणारी वस्तू तुम्ही 1,38,000 ला घेताय, वर 2,000 फी. हे 14,000 व्याजच आहे, फक्त बिलावर त्याला तसं म्हटलेलं नाही. हिशेब केला तर वर्षाला जवळजवळ 14 टक्के पडतं. शून्य टक्के व्याज अशी चीजच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं. दुकानांच्या काचेवरच्या पाट्या मात्र उतरल्या नाहीत.

आता पलंग. पलंग घ्यायचाच. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण उशा रात्रभरात सरकतात आणि अर्धवट वाकलेल्या पाठीने मूल पहाटेपर्यंत कण्हत राहतं. प्रश्न एवढाच की कुठला. दुकानदार ज्या पाच फंक्शनचं कौतुक सांगतोय त्यातली तीन, म्हणजे तीन फंक्शनच्या पलंगातली, अशी: पाठ वर, गुडघे वर, आणि अख्खा पलंग वर-खाली. उरलेली दोन म्हणजे डोक्याकडची बाजू खाली किंवा पायाकडची बाजू खाली अशी अख्ख्या पलंगाची घसरगुंडी. ती हॉस्पिटलच्या कामाची. ज्या आजारात पुढे श्वासाचे स्नायू अशक्त होतात, त्यात डोकं खाली करणारं बटण घरी कशाला हवं? तुमच्या डॉक्टरांना फोनवर एवढंच विचारा. मला वाटतं ते नको म्हणतील, आणि त्या एका फोनमध्ये तुमचे 58,000 (रोखीचे 1,26,000 वजा 68,000) वाचतील.

मग 19,500 चा हँडलचा का नाही? पैशांच्या सल्लागाराने खरं तर तोच सुचवायला हवा. पण रात्री दोन वाजताचं चित्र डोळ्यांपुढे आणा. तो हाक मारतो. तुम्ही उठता, दिवा लावता, पायाकडे जाऊन वाकता, दांडा बाहेर ओढता, पंधरा-वीस वेढे फिरवता. मग तो म्हणतो, “आई, जरा जास्त झालं,” की उलटे पाच वेढे. इलेक्ट्रिक पलंगात रिमोट त्याच्या उशाशी असतो. या आजारात पायांपेक्षा बोटांची ताकद पुष्कळ जास्त काळ टिकते, त्यामुळे पाठ किती वर हवी ते तो स्वतःच ठरवेल. पाच हाकांतल्या दोन जरी कमी झाल्या तरी तुमच्या झोपेत किती फरक पडेल, ते तुम्हीच सांगू शकाल.

आणि दुसरं कारण तुमची कंबर. साध्या हँडलच्या पलंगाची उंची बदलत नाही. 34 किलोचं पोर रोज वाकून उचलायचं, पुसायचं, व्हीलचेअरमध्ये बसवायचं, आणि ते 40-45 किलोचं होईल तेव्हाही. तुमची कंबर एकदा धरली की दिवसपाळीची मावशी ठेवावी लागेल. तिचा महिन्याचा पगार कराडमध्ये किती होतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. म्हणून उंची बदलणारी मोटर ही चैन नाही. पुसताना पलंग कमरेइतका वर घ्यायचा, खुर्चीत सरकवताना खुर्चीच्या बैठकीला लावायचा. एक मात्र लक्षात ठेवा, कूस बदलण्याचं काम यातला कुठलाच पलंग करत नाही. ते हातानेच करायचं. हवेची गादी घातली तर कातडीवरचा दाब कमी होतो आणि बेडसोरचा धोका घटतो, पण दोन वेळांमधलं अंतर किती वाढवायचं ते फिजिओलाच ठरवू द्या.

कठड्यांबद्दल फारसं कुणी सांगत नाही, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते. दुकानात मिळणारे हे पलंग मोठ्या माणसांचे असतात. त्यांच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक 146 सेंमी उंची आणि 40 किलो वजनापासून वरच्या माणसांना धरून बनवलेलं आहे. तुमचा लेक दोन्हीकडून खाली आहे. मोठ्यांच्या कठड्याच्या दोन दांड्यांमध्ये 12 सेंमीपर्यंत फट चालते. लहान मुलासाठी ती 6 सेंमीच्या आसपास हवी. मान किंवा छाती अडकली तर दुसरं मूल धडपडून सुटेल, याला ते जमणार नाही. दुकानात जाल तेव्हा हाताची चार बोटं जोडून फटीत घालून बघा. सहज आरपार गेली तर कठड्याला आतून जाळीचं किंवा फोमचं कव्हर घट्ट बांधून घ्या, आणि गादी व कठडा यांच्यामध्येही फट राहू देऊ नका. कव्हर स्थानिक गादीवाला शिवून देतो, खर्च फार नाही. ते शिवून होईपर्यंत त्याला त्या पलंगावर एकट्याला झोपवू नका.

आता माझी एक फजिती. वडिलांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी असाच पलंग घेतला होता. दुकानदाराने 24 तासांत सर्व्हिसचं वचन दिलं होतं. जुलैत पाठीची मोटर अडकली, ती नेमकी अर्ध्यावर. माणूस एकोणिसाव्या दिवशी आला. तोवर वडील अर्धवट बसून झोपत होते. दोष निघाला उंदराने कुरतडलेल्या वायरचा, आणि वायर वॉरंटीत बसत नाही हे त्याच दिवशी कळलं. पुणं कराडपासून 160 किलोमीटरवर आहे. त्यामुळे पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: मोटर आणि कंट्रोल बॉक्सवर वॉरंटी किती, वीज गेली किंवा मोटर अडकली तर पलंग हाताने सपाट करता येतो का, आणि कराड-साताऱ्यात दुरुस्तीला कोण येतं. तिसऱ्याचं उत्तर नाव आणि फोन नंबरासह हवं. “आमचा माणूस आहे तिकडे” याला उत्तर म्हणत नाहीत.

याच कारणासाठी मी 46,000 चा वापरलेला पलंग सुचवत नाहीये. मोटरींवर वर्षाची लेखी वॉरंटी देत असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा बेलाशक घ्या. नाहीतर 22,000 वाचवायच्या नादात दुरुस्तीची टांगती तलवार घरात आणाल.

पण नवासुद्धा लगेच घेऊ नका. तीन फंक्शनचा पलंग दोन महिने भाड्याने आणा. 68,000 भागिले 4,500 म्हणजे पंधरा महिन्यांचं भाडं. तुम्हाला पलंग वर्षानुवर्षं लागणार, तेव्हा शेवटी विकत घेणंच स्वस्त आहे, यात शंका नाही. (एखाद्या आजारात पलंग चार-सहा महिनेच लागणार असेल तर मी उलटं सांगितलं असतं. गावोगावच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांत नाममात्र शुल्कात पलंग मिळतो, तिथे आधी चौकशी करा म्हटलं असतं. तुम्हीही करा. इलेक्ट्रिक क्वचित असतो, पण हवेची गादी आणि व्हीलचेअर बऱ्याचदा मिळून जाते.) भाडं कशासाठी, तर तो तुमच्या खोलीत फिरतो का, रिमोट त्याला दाबता येतो का, खाली-वर करताना व्हीलचेअर बाजूला मावते का, हे शोरूममध्ये कळत नाही. दोन महिन्यांनी भाड्याची रक्कम किमतीत वळती करून देणार का, तेही विचारून ठेवा. काही जण देतात.

पैशांची मांडणी मी अशी करेन. एसआयपी काही महिने थांबवा, मोडू नका. मग महिन्याला 12,000 सुटतात. पहिल्या दोन महिन्यांचे 24,000 झाले, त्यातून मेडिक्लेम भरा. तारखेला थोडे कमी पडले तर सवलतीचे दिवस आहेत, पण ते संपायच्या आत भराच. एफडीतून 80,000 काढा. अर्धवट मोडता येत नसेल तर पूर्ण मोडून उरलेल्या 80,000 च्या 40-40 हजारांच्या दोन करा, म्हणजे पुढच्या वेळी अख्खी मोडावी लागणार नाही. मुदतीआधी मोडल्याचा एक टक्का दंड धरला तरी वर्षाला फार तर 1,600. दुकानाच्या हप्त्याचे 14,000 त्याच्या शेजारी ठेवून बघा. या 80,000 मधून आधी अनामत द्या, ती परत आली की त्यातच मिळवून पलंग आणि वाहतूक. पुढच्या सात महिन्यांत 12,000 प्रमाणे एफडी पुन्हा 1,60,000 च्या वर जाते. एसआयपी त्यानंतर सुरू करा.

दिरांकडून उसने घेऊ नका, मदतच घ्या. माणसाला काहीतरी द्यायचं असतं, पण काय द्यावं ते सुचत नाही. त्यांना सांगा, भावजी, दोन महिन्यांचं भाडं आणि हवेची गादी तुमच्याकडून. पंधरा हजारांच्या आत बसेल, आणि ती गादी काकांनी दिलेली आहे हे पोराच्याही लक्षात राहील.

दुकानदाराची टॅक्सची गोष्ट सोडून द्या. मिस्टरांच्या पगारावर नव्या करपद्धतीत कर लागतच नाही, नोकरदाराला 12,75,000 पर्यंत शून्य आहे. जी सवलत तो सांगतोय ती घरातल्या अपंग व्यक्तीच्या सांभाळासाठीची, 80डीडी म्हणून ओळखली जाणारी. ती जुन्या पद्धतीतच मिळते आणि बिलावर अवलंबून नसते. अपंगत्व किमान 40 टक्के असेल तर सरसकट 75,000, 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000 ची वजावट, पलंग 20 हजारांचा असो की दीड लाखाचा. शून्य करातून वजा काय करणार?

त्यापेक्षा मुलाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर या महिन्यात अर्ज करा. मस्क्युलर डिस्ट्रॉफी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत आहे. नगरपरिषद आणि ग्रामपंचायतींना उत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो, त्यातून काही ठिकाणी साहित्यासाठी मदत होते. कार्डाची झेरॉक्स आणि पलंगाचं कोटेशन घेऊन एकदा नगरपरिषदेत जाऊन या. मिळेल असं धरून हिशेब मात्र करू नका. निरामय या सरकारी आरोग्य विम्याबद्दल कुणी सांगितलं तर तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगतेसाठी आहे, केवळ मस्क्युलर डिस्ट्रॉफीवर त्यात बसता येत नाही.

पीपीएफला मी हात लावला नाही, ते मुद्दाम. आठव्या वर्षी त्यातून काही रक्कम काढता येते, करही लागत नाही. पण पलंग हे यादीतलं पहिलं यंत्र आहे. पुढे कधीतरी डॉक्टर रात्रीसाठी बायपॅप (श्वासाला मदत करणारं) मशीन सांगतील, मोठी व्हीलचेअर लागेल, कफ काढायचं यंत्रही लागू शकतं. त्यासाठी ते पैसे तिथेच वाढू द्या. पाच फंक्शनच्या पलंगाला माझा खरा विरोध याच्यासाठी आहे.

भाड्याचा पलंग मागवण्याआधी खोलीच्या दाराची रुंदी मोजा. पलंग 36 इंची असतो, जुन्या घरांतली दारं 30 इंची. डोक्या-पायाकडच्या फळ्या आणि कठडे काढून, आडवा करून आत न्यावा लागतो, आणि टेम्पोवाला एकटाच आला तर तो दारातच टाकून जातो. दिरांना त्या दिवशी सुट्टी काढायला सांगा. दोन महिन्यांनी काय जमलं, काय नाही ते कळवा, तेव्हा बायपॅपच्या पैशांचं बोलू.