वाचकांचे कायदेशीर प्रश्न : खटला वेगळा, क्लेम वेगळा

या महिन्यातली बहुतेक पत्रे रस्ते अपघातांची आहेत. अपघात एकच असतो, पण कागद दोन ठिकाणी फिरतात. फौजदारी खटला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो आणि भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. एकीकडे केलेली घाई दुसरीकडे अंगाशी येते. पूर्वी सरकार पक्षातर्फे असे खटले चालवलेल्या आणि आता खासगी वकिली करणाऱ्या मंडळींनी ही उत्तरे दिली आहेत.

माझे पती गवंडीकाम करतात, वय ३८. टेम्पोने त्यांच्या दुचाकीला धडक दिली. उजव्या पायात रॉड टाकावा लागला. दाखल्यावर पायाचे ४० टक्के अपंगत्व लिहिले आहे. विमा कंपनीचे वकील म्हणतात, पूर्ण शरीराचे १३ टक्केच धरले जाईल. शिवाय पतींकडे लायसन्स नव्हते, म्हणून चूक त्यांचीही. हे बरोबर आहे का? — एक वाचक, मिरज

ताई, दोन्ही मुद्दे जसेच्या तसे मान्य करू नका. डॉक्टरांची टक्केवारी शरीराची असते. न्यायाधिकरणाला ठरवायचे असते ते कमाईची ताकद किती गेली हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राज कुमार विरुद्ध अजय कुमार निकालात हे स्पष्ट केले आहे. तिथले उदाहरण डाव्या हाताचे आहे. तोच हात गेला तर सुताराचा किंवा ड्रायव्हरचा धंदाच बसतो, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. तुमच्या पतींना परांचीवर चढता येते का, उकिडवे बसून फरशी बसवता येते का, सिमेंटचे पोते उचलता येते का, हे प्रश्न त्या १३ टक्क्यांपेक्षा महत्त्वाचे आहेत. ते साक्षीत, डॉक्टरांच्या तोंडून यायला हवेत. नुसता दाखला दाखल करून डॉक्टरांना साक्षीला न बोलावणे ही नेहमीची चूक आहे. मग उलटतपास होत नाही आणि कंपनी म्हणते, दाखला शाबीतच झालेला नाही.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघा. महिना १८,००० रुपये कमाई शाबीत झाली असे धरू. वर्षाचे २,१६,००० झाले. वय चाळिशीच्या आत आणि पक्की नोकरी नाही, म्हणून २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे पुढच्या वाढीचे ४० टक्के धरले की ३,०२,४०० होतात. ३६ ते ४० वयोगटाला सरला वर्मा निकालातला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो आकडा, १५ आहे. कमाईची क्षमता १३ टक्के गेली असे धरले तर ५,८९,६८० रुपये येतात, ५० टक्के धरली तर २२,६८,०००. जखमी माणसाच्या दाव्यात स्वतःच्या खर्चापोटी तिसरा हिस्सा कापत नाहीत. ती कपात मृत्यूच्या दाव्यातली आहे. कोणी तुमच्या हिशेबात ती घुसवली तर हरकत घ्या.

यावर उपचाराची बिले, घरी बसून बुडालेली मजुरी, सोबतीला ठेवलेल्या माणसाचा खर्च आणि वेदनांची भरपाई वेगळी मागायची. रॉड पुढे काढावा लागणार असेल तर त्या शस्त्रक्रियेचा अंदाजे खर्च डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या. बिले मूळ प्रतीत हवीत, औषधांच्या बिलांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी. मजुरीचा पुरावा म्हणून ठेकेदाराची साक्ष, बँकेचे पासबुक आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी असेल तर ते कार्ड द्या. यातले काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरते, आणि तो अंदाज बहुधा प्रत्यक्ष कमाईपेक्षा कमी असतो.

लायसन्स नसणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याचा दंड होईल. पण तेवढ्यावरून अपघातात त्यांची चूक होती असे ठरत नाही. सुधीर कुमार राणा खटल्यात २००८ मध्ये हेच सांगितले गेले. चूक कोणाची हे घटनास्थळाच्या पंचनाम्यावरून दिसते. टेम्पो रस्त्याच्या कोणत्या बाजूला होता, ब्रेकच्या खुणा किती फूट होत्या, काचा कुठे पडल्या होत्या, ते बघा.

दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दाखल करा. तो तुमच्या राहत्या जागेच्या न्यायाधिकरणातही चालतो, अपघाताच्या गावी खेटे घालायची गरज नाही.

माझ्या मुलाच्या दुचाकीची धडक बसून एका बाईंचा हात मोडला. चार्जशीट झाले आहे. कोर्टात भेटलेला एकजण म्हणतो, गुन्हा कबूल करा, दंड भरा, एका तारखेत मोकळे. — एक वाचक, चाकण

सिग्नल तोडल्याचा किंवा पार्किंगचा दंड असा भरून मोकळे होण्यात काही वावगे नाही. हे प्रकरण तसे नाही. हाड मोडले म्हणजे गंभीर दुखापत. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५(ब) खाली तीन वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि जोडीला बेदरकार वाहन चालवण्याचे कलम २८१ असणारच. दंड भरून सुटलात तरी ती दोषसिद्धीच. उद्या पोलीस पडताळणीत ती निघते. शिवाय बाईंनी भरपाईचा दावा केला की पहिला कागद लागतो तो मुलाच्या कबुलीचा. उलट बाजूही सांगायला हवी. मुलगा निर्दोष सुटला म्हणून दावा बुडत नाही, कारण तिथे पुरावा संशयापलीकडे लागत नाही, शक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच पाहतात.

तेव्हा कबुलीचा विचार करण्याआधी अपघाताच्या दिवशीची विमा पॉलिसी आणि त्या दिवशी चालू असलेले लायसन्स हातात घेऊन बसा. दोन्ही ठीक असतील तर रक्कम कंपनी भरते. लायसन्समध्ये खोट निघाली तर कंपनी बाईंना पैसे देते आणि मग मालकाकडून, म्हणजे दुचाकी ज्याच्या नावावर असेल त्याच्याकडून, वसूल करते. हे सगळे ठीक असूनही लोक हरतात ते वेगळ्याच कारणाने. न्यायाधिकरणाची नोटीस येते, मालक म्हणतो, ‘कंपनी बघेल’, आणि तारखेला जात नाही. प्रकरण एकतर्फी चालते. कंपनी ‘लायसन्स नव्हते’ असा बचाव घेते आणि घरच्या कपाटात पडलेले लायसन्स कोणी दाखलच करत नाही. नोटीस आली की हजर व्हा, लेखी म्हणणे द्या, लायसन्स आणि पॉलिसी दाखल करा. एवढ्याने वसुलीचे बहुतेक आदेश टळतात.

आमच्याकडे एक माजी सरकारी वकील अपघाताचे दावे घेतात. मिळेल त्या रकमेच्या २५ टक्के मागतात. एजंट म्हणतो, अमेरिकेतही असेच चालते. — एक वाचक, बार्शी

अमेरिकेत चालते हे खरे, भारतात नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांना धरून नाही. फी ठरावीक असावी, टप्प्याटप्प्याने असावी, आणि पावती घ्यावी. वकीलपत्रावर सही करणे ठीक, पण कोरा स्टॅम्पपेपर, कोरा चेक किंवा पैसे काढायच्या स्लिपवर सही करू नका. एजंटने आणलेला वकील आणि तुम्ही स्वतः जाऊन भेटलेला वकील यांत आमच्या मते फार फरक पडतो.

माजी सरकारी वकिलाचा उपयोग असतो. पंचनाम्यातली भोके त्याला लवकर दिसतात, तपासी अंमलदाराचा उलटतपास त्याच्या हातचा असतो. फक्त एक विचारून घ्या: तुमच्याच अपघाताचा खटला त्यांनी सरकारतर्फे हाताळला होता का? असेल तर आता त्यांना विरुद्ध बाजूने उभे राहता येणार नाही. आणि एक गैरसमज. फौजदारी खटल्यातला सरकारी वकील तुमचा नसतो, राज्याचा असतो. तुम्हाला तिथे आपला वकील हवा असेल तर कोर्टाच्या परवानगीने तो सरकारी वकिलाला मदत करू शकतो.

नाकाबंदीत ‘दारू प्यायलेला’ म्हणून पकडले. जागेवर दंड भरून मिटवता येईल का? — एक वाचक, ठाणे

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा गुन्हा तडजोडीत बसत नाही, कोर्टातच जावे लागते. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. ‘तोंडाला वास येत होता’ एवढे पुरत नाही. ब्रीद ॲनालायझरची छापील पट्टी, तिच्यावरची वेळ आणि नाव, यंत्राची तपासणी कधी झाली, अटक झाली असल्यास दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली का, रक्ताचा नमुना सीलबंद प्रयोगशाळेत पोचला का, हे वकिलाने तपासावे. पट्टीवर आकडा स्पष्ट आणि कागद चोख असतील तर खटला लांबवण्यात अर्थ नाही.

भावाला आंबोली घाटात अज्ञात वाहनाने उडवले, तो गेला. वाहन सापडले नाही. दावा कोणावर करायचा? — एक वाचक, बेळगाव

वाहनच नाही म्हणजे न्यायाधिकरणापुढे उभे करायला कोणी नाही. अशांसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली १ एप्रिल २०२२ पासूनची योजना आहे. मृत्यूला २ लाख रुपये, गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये. अर्ज बेळगावात नव्हे, अपघात झाला त्या भागातल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत सावंतवाडीच्या महसूल कार्यालयात चौकशी करून द्यायचा. नमुना १ मधला अर्ज, एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल, भावाची आणि तुमची ओळखपत्रे, पासबुकाची प्रत आणि नमुना ४ मधले हमीपत्र जोडा. हमीपत्र वाचून सही करा. पुढे वाहन सापडले आणि दाव्यात भरपाई मिळाली, तर हे पैसे परत करण्याची हमी त्यात आहे. म्हणूनच अर्ज दिल्यावरही पोलीस ठाण्यात तपासाची विचारणा लेखी करत राहा.