वरच्या जबड्यातली हाडाची गाठ : बायोप्सीसोबत सीटी स्कॅन दाखवलाय का?

ताई, तुमच्या मुलाचं वाचलं, गालावर टणक सूज, दुखत नाही, बायोप्सीत 'फायब्रो-ऑसियस लीजन' (हाडाच्या जागी तंतू आणि हाड मिसळलेली वाढ, यात वेगवेगळे आजार येतात) आलंय आणि सहा महिने वाट बघा म्हणालेत. वाचून पोटात गोळाच आला, माझंही अगदी असंच सुरू झालं होतं. ओठ उचलून हिरडीच्या वर बोट फिरवलं की दगड लागायचा.

कॅन्सर नाही हे तुम्हाला सांगितलं असेलच, त्यात जात नाही. एकच विचारते, ज्यांनी बायोप्सी वाचली त्यांनी सीटी बघितलाय का? माझ्या वेळी लॅबच्या फॉर्मवर 'वरच्या जबड्याची सूज' एवढंच लिहिलेलं, सीटी जोडलाच नव्हता. रिपोर्ट आला फायब्रस डिस्प्लेजिया, म्हणजे चांगल्या हाडाच्या जागी तंतुमय कच्चं हाड तयार होतं तो आजार. तो वयात आल्यावर बहुतेक वेळा मंदावतो, म्हणून आम्ही दीड वर्ष निवांत बसलो. निघाला ऑसिफाइंग फायब्रोमा, म्हणजे तंतू आणि हाडाची वेगळी गाठ, जी वाढतच राहते. तोवर सायनस भरला होता आणि डोळ्याखालचं हाड वर ढकललं गेलं होतं, ऑपरेशन केवढं तरी मोठं झालं. मायक्रोस्कोपखाली दोन्ही सारखे दिसू शकतात हो! दुसऱ्या डॉक्टरांनी स्क्रीनवर पेनाचं टोक फिरवून दाखवलं, डिस्प्लेजिया दुधी काचेसारखा शेजारच्या हाडात मिसळून जातो, माझ्या गाठीला मात्र सगळीकडून स्पष्ट कड होती. ती कड पहिल्या दिवसापासून तिथेच होती, कुणी बघितली नाही.

आणि स्लाइड परत मागायला गेले तर लॅबवाले आज या उद्या या, चार खेपा. पेशंटच्या शरीराचा तुकडा आहे तो, एवढं अडवायचं कशाला? अजून राग येतो. तुम्ही स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तो तुकडा) दोन्ही लेखी अर्ज देऊन मागा, सीटीची फिल्म नको, सीडी घ्या.

मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या सर्जनचाच. पण माझं ठाम मत, सीटी नीट वाचल्याशिवाय त्या बाजूचे दात काढू देऊ नका. आणि डिस्प्लेजियाच ठरला आणि कुणी रेडिएशन सुचवलं तर आधी दुसरं मत घ्या, त्याने साधी गाठ पुढे कॅन्सरकडे वळू शकते. दुसऱ्या कुणाला ऑस्टिओमा (घट्ट हाडाची साधी गाठ) निघाला असेल, तोही एकापेक्षा जास्त ठिकाणी, शिवाय जादा किंवा अडकलेले दात, तर आतड्याची तपासणी नक्की विचारा, गार्डनर सिंड्रोम या आनुवंशिक आजारात हे सगळं आतड्यातल्या गाठींसोबत (पॉलिप) एकत्र येतं.

मुलाचं वय किती? लहान वयातला फायब्रोमा भराभर वाढू शकतो, काढल्यावर परत येऊ शकतो, म्हणून सहा महिने थांबायच्या आधी ती कड आहे का एवढं या आठवड्यातच विचारून घ्या.