तुमचे प्रश्न : पगार चालू असताना पेन्शन

प्रश्न : वेर्ण्यातल्या औषध कारखान्यात सप्टेंबर 2014 पासून आहे, मूळ पगार तेव्हा 15,000 च्या आत होता, आता 22,000. पुढच्या महिन्यात 58 पूर्ण होतील. कंपनी 60 पर्यंत ठेवणार आहे. पीएफची पेन्शन आताच मागू की थांबू?

उत्तर : 58 पूर्ण झाल्यावर नोकरी चालू असली तरी पेन्शन मिळते, राजीनाम्याची गरज नाही. तुमचा हिशेब : पगार 15,000 पर्यंतच धरतात, गुणिले 11 वर्षे, भागिले 70, म्हणजे महिना 2,357 रुपये. थांबलात तर वर्षाला 4 टक्के वाढ मिळते, पण दोन वर्षांत साधारण 56,500 रुपये सोडावे लागतात. वर्गणी न भरता थांबलात तर वाढ महिन्याला जेमतेम 190 रुपयांची, म्हणजे सोडलेली रक्कम भरून यायला जवळपास 25 वर्षे लागतील. वर्गणी भरत थांबलात तर पेन्शन 3,010 च्या आसपास जाते. मात्र पीएफमध्ये जाणारे महिना 1,250 त्यासाठी द्यावे लागतात, आणि ते धरले तर 71 व्या वर्षाच्या सुमारास बरोबरी होते. घरात दीर्घायुष्याची परंपरा असेल तर विचार करा, एरवी आम्ही आता घ्या म्हणू.

गोंधळ होतो तो कंपनीच्या बाजूने. 58 ला पेन्शन घेतलीत तर त्यानंतर मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शन खात्यात जायला नकोत, सगळे 12 टक्के पीएफमध्ये यायला हवेत. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारीख चुकली असली की 1,250 तसेच जात राहतात आणि मग दावा अडकतो. वाढदिवसानंतरच्या महिन्याचे पासबुक उघडून पेन्शनचा रकाना शून्य आहे ना ते पाहा. नसेल तर कंपनीला लेखी कळवा.

अर्ज फॉर्म 10डी, यूएएन (पीएफ सदस्य क्रमांक) पोर्टलवरून. त्याआधी आधार आणि पीएफमधले नाव अक्षरन् अक्षर जुळवा. एकीकडे 'नाईक' आणि दुसरीकडे 'नायक' एवढ्यावरून दावे परत येतात. दुरुस्ती जॉइंट डिक्लरेशनने, म्हणजे तुमच्या आणि कंपनीच्या संयुक्त अर्जाने होते. हयातीचा दाखला वर्षातून एकदा, कोणत्याही महिन्यात चालतो. नोव्हेंबरची रांग सरकारी पेन्शनरांसाठी आहे, तुम्ही उगाच तिच्यात उभे राहू नका.

प्रश्न : माझे वय 54. जुनी नोकरी सुटली आहे. लवकर पेन्शन घ्यावी का?

उत्तर : 50 नंतर घेता येते, पण 58 ला जितकी वर्षे कमी तितके दरवर्षी 4 टक्के कापतात. तुमचे 16 टक्के जातील, तेही कायमचे. 58 झाल्यावर ते परत जोडत नाहीत. दुसरी नोकरी मिळण्याची आशा असेल तर थांबा. सेवा पेन्शनला लागणाऱ्या 10 वर्षांपेक्षा थोडी कमी दिसत असेल तर आधीच्या कंपनीची सेवा हस्तांतरित झाली आहे का ते तपासा. साडेनऊ वर्षेसुद्धा 10 धरली जातात.

प्रश्न : कुंडईच्या कारखान्यात प्रेसखाली माझ्या मुलाची तर्जनी पूर्ण तुटली. ईएसआय (कामगार राज्य विमा) आहे. कामावर परतला तर पेन्शन बंद होईल असे एचआर म्हणते.

उत्तर : तसे होत नाही. बंद होतो तो तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, कारण तो विश्रांतीच्या दिवसांचा असतो. त्या दिवसांत हजेरी लागली तर तेवढे दिवस कापले जातात. कायमचा लाभ मात्र कमावण्याच्या क्षमतेतल्या घटीसाठी आहे, तो पगारासोबत आयुष्यभर मिळतो. पूर्ण तर्जनी गेल्यास घट 14 टक्के धरतात. रोजचा सरासरी पगार 600 असेल तर त्याचे 90 टक्के म्हणजे 540, आणि त्याचे 14 टक्के 75.60. तीस दिवसांचे 2,268 रुपये. टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवते, ती कमी वाटली तर अपील करता येते.

सगळ्यात आधी कारखान्याच्या अपघात नोंदवहीत तारीख, वेळ आणि यंत्र यांची नोंद आहे का ते पाहा. ती नसेल तर 'घरी लागले' असे म्हणायला वाव राहतो. ईएसआयचे 14 टक्के आणि यूडीआयडी कार्डावरचे (अपंगत्वाचे सरकारी ओळखपत्र) टक्के या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. प्राप्तिकराची अपंगत्वासाठीची 80यू सवलत कार्डावर किमान 40 टक्के असतील तरच, आणि जुन्या करपद्धतीतच मिळते.