वळिवडेच्या माळावरून

कोल्हापूर

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझं मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, मिळालं. रविवारी दुपारी वाचायला घेतलं आणि पेन्सिल हातात धरूनच बसलो, म्हणजे काय झालं असेल ते ओळख. मूटचा, म्हणजे सरावाच्या नकली खटल्याचा, प्रश्न मात्र काढणाऱ्यानं झकास काढलाय. एक काल्पनिक देश शेजारून आलेल्या निर्वासितांना ट्रकमध्ये घालून सीमेपार सोडतो आणि कुणी विचारलं की म्हणतो, ही आमची अंतर्गत बाब आहे. तू निर्वासितांचं वकीलपत्र घेतलंयस. पण पहिल्याच पानावर तू लिहिलंयस की सार्वभौमत्व ही 1648 सालची, युरोपातल्या वेस्टफेलियाच्या तहाच्या वेळची, जुनाट कल्पना असून मानवी हक्कांच्या युगात ती कालबाह्य झाली आहे. ते वाक्य मी खोडलंय. रागावू नकोस, माझ्या सिनिअरनी तर माझी पानंच्या पानं फाडली होती.

दुसऱ्या कुठल्या गावात बसून हे वाक्य लिहिलं असतंस तर सोडून दिलं असतं. कोल्हापुरात नाही. आपली गादी छत्रपतींची, राजचिन्हं होती, शिक्का होता, पण सार्वभौमत्व इंग्रजांच्या खिशात. 1857च्या धामधुमीत चिमासाहेब महाराजांनी उठाववाल्यांना साथ दिली, तर त्यांना कराचीला नेऊन ठेवलं. ते तिथंच वारले. त्यानंतरची गोष्ट याहून वाईट. चौथे शिवाजी महाराज, पोरगेलं वय. त्यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात डांबलं आणि 25 डिसेंबर 1883ला पहाऱ्यावरच्या एका गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन त्यात ते गेले. विशीतला पोर. आजच्या भाषेत कस्टोडियल डेथ. त्याआधी महाराजांच्या छळाबद्दल केसरी-मराठात लिहिलं म्हणून टिळक-आगरकरांना अब्रुनुकसानीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले होते. ज्या पत्रांवर त्यांनी भिस्त ठेवली ती बनावट निघाली, हेही लक्षात ठेव. पुराव्याची खातरजमा न करता चांगल्या बाजूनं उभं राहिलं की काय होतं, त्याचा तो धडा आहे.

तर सांगायचं असं की आपल्या राजाला कोठडीतून सोडवायला कुठली सनद नव्हती, आणि त्याच्या राज्याच्या अंगात 'माझ्या माणसाला हात लावू नका' म्हणायची ताकदही नव्हती. ज्यानं सार्वभौमत्व गमावलंय त्याला ते जुनाट वाटत नाही. आफ्रिका-आशियातले देश संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या कलम 2(7)ला, म्हणजे अंतर्गत बाबीत ढवळाढवळ नको या कलमाला, एवढे घट्ट का धरून बसतात ते इथून बघितलं की कळतं. त्यांचं म्हणणं तू एका ओळीत उडवून लावलंस, तर समोरचा पोरगा तुला पाच मिनिटांत लोळवेल.

आता तुझ्या अशिलांकडे येतो. तू जगभरची उदाहरणं गोळा केलीस आणि हाकेच्या अंतरावरचं सोडलंस. गांधीनगरला कापड घ्यायला आपण सगळेच जातो. दुसऱ्या महायुद्धात तिथं, वळिवडेच्या माळावर, पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. 1943 ते 1948, सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. सोव्हिएत फौजांनी त्यांना घरातून उचलून सायबेरियाच्या बाजूला नेऊन टाकलं होतं. 1941ला करार होऊन सुटका झाली, मग इराणमार्गे काही जण इथवर आले. कौलारू बराकी, शाळा, चर्च, स्काउटची पथकं. कोल्हापूरच्या उन्हात पोलिश पोरं पोलिश भूगोल शिकत होती.

या माळाचा कायदेशीर नकाशा एकदा काढून बघ, मी फार वर्षांपूर्वी वहीत काढला होता. जमीन कोल्हापूर संस्थानची. संस्थानावर अधिसत्ता ब्रिटिशांची. आणि छावणीचा कारभार व खर्च बघणारं सरकार पोलंडचं, पण ते बसलं होतं लंडनमध्ये, कारण त्याच्या देशात जर्मन फौजा होत्या. एकाच बराकीवर तीन सत्ता, आणि आत राहणाऱ्या बाईच्या हातात यातलं काहीच नाही.

मग जुलै 1945मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं लंडनमधल्या त्या सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवडेत कुणी कुणावर गोळी झाडली नाही, सीमा हलली नाही, बराकीचं एक कौल सरकलं नाही. पण ज्या सरकारच्या नावानं ही माणसं इथं राहत होती ते सरकार कागदावर नाहीसं झालं. पुढं छावणी आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडे गेली आणि माणसं ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली. काही परत पोलंडला गेली. रिकाम्या बराकींत फाळणीतले सिंधी आले, त्याचं झालं गांधीनगर. मान्यता काढून घेणं हा सार्वभौम देशाचा अगदी साधा राजनैतिक अधिकार, पुस्तकात अर्ध्या पानात उरकतात. त्याचा अर्थ माणसाच्या अंगावर कसा येतो ते इथं दिसतं.

आणि गंमत बघ. छावणी बंद झाली त्याच वर्षी, 10 डिसेंबर 1948ला, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. त्याच्या 14व्या कलमात छळापासून आश्रय 'मागण्याचा आणि उपभोगण्याचा' हक्क आहे. आश्रय 'मिळण्याचा' नाही. देणं न देणं देशाच्या मर्जीवर. तू मेमोरियलमध्ये हे कलम आश्रय मिळण्याचा हक्क म्हणून उद्धृत केलंयस, तिथं मी लाल खूण केलीय. तुझा खरा आधार परत न धाडण्याच्या तत्त्वात आहे, 1951च्या निर्वासित कराराच्या 33व्या कलमात. प्रश्नातल्या देशानं त्या करारावर सही केलीय का, हे तू तपासलेलं दिसत नाही. आपल्या देशानं केलेली नाही. म्हणूनच आपल्याकडे दोन टोकं दिसतात: 1996ला पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राज्यघटनेच्या कलम 21चं (जगण्याच्या हक्काचं) संरक्षण परकीयालाही आहे आणि राज्यानं त्यांच्या जिवाचं रक्षण करावं, 2021ला म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांच्या अर्जावर त्याच न्यायालयानं म्हटलं की हद्दपार न होण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या हक्काला जोडलेला आहे, आणि तो फक्त नागरिकांना आहे. दोन्ही घाल. दुसरं लपवलंस तर खंडपीठ ते तुझ्यासमोर धरेल.

2(7)वर माझा सल्ला असा. सुरुवात 1923पासून कर. ट्युनिस आणि मोरोक्कोतल्या राष्ट्रीयत्वाच्या फर्मानांबद्दल हेगच्या जुन्या न्यायालयानं मत दिलं होतं की एखादी गोष्ट देशाची अंतर्गत बाब आहे की नाही हे सापेक्ष आहे. आंतरराष्ट्रीय संबंध जसे पुढं जातील तसं ते बदलतं. म्हणजे देशानं एखाद्या विषयावर करार केला की तो विषय त्याच्या एकट्याच्या घरातला राहत नाही. सार्वभौमत्व संपलं म्हणून नव्हे. ते वापरूनच त्यानं शब्द दिलाय म्हणून. तुझा सगळा युक्तिवाद या खुंटीवर टांग.

नंतर 1946. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना जमिनीच्या हक्कावरून दिली जाणारी वागणूक आपण संयुक्त राष्ट्रांत नेली, तेव्हा आपण अजून स्वतंत्रही नव्हतो! शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. या माणसाचा संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना लिहिण्यात हात होता, आणि तोच म्हणत होता की ही आमची अंतर्गत बाब. 8 डिसेंबरला दोन तृतीयांश बहुमतानं ठराव आपल्या बाजूनं झाला. पुढं मार्च 2020मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या खटल्यात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयात हस्तक्षेपाचा अर्ज केला, तेव्हा आपलं परराष्ट्र खातं म्हणालं, ही भारताची अंतर्गत बाब आहे. यात कोण बरोबर यावर बार रूममध्ये चहा थंड होईपर्यंत भांडणं झाली, तू त्यात पडू नकोस. तू एवढंच बघ की ढाल तीच आहे. ती बाहेरच्या धटिंगणापासून आतल्या माणसाला वाचवायला धरलीय, की आतल्या माणसापासून सरकारला, हे दर वेळी नव्यानं शोधावं लागतं. आणि ते कायद्याच्या पुस्तकात नसतं, वस्तुस्थितीत असतं.

वस्तुस्थितीवरून माझी फजिती सांगतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट, नुकतीच स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू केलेली. गॅरेजमधल्या एका पोराला पोलिसांनी उचललं होतं. मी रिमांडला उभा राहिलो आणि नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचं 9वं कलम धडाधड म्हणून दाखवलं. न्यायाधीश साहेबांनी शांतपणे ऐकून विचारलं, "वकीलसाहेब, अटक किती वाजता दाखवलीय?" मला माहीतच नव्हतं. ठाण्याच्या डायरीत सकाळची वेळ होती. बाहेर आल्यावर पोराचा भाऊ म्हणाला, "आदल्या सांजंला मीच की डबा दिऊन आलोय ठाण्यात." अटकेनंतर कोर्टात हजर करायची चोवीस तासांची मर्यादा उलटून गेली होती, आणि तो डबा माझा सगळ्यात मोठा पुरावा होता. मी भावाला विचारलंच नव्हतं. जिनिव्हाला जाऊन आलो होतो, ठाण्याच्या पायरीवर गेलो नव्हतो.

त्या 9व्या कलमाचीच आणखी एक गोष्ट, मला फार आवडते. 1979ला हा करार स्वीकारताना भारतानं रिझर्वेशन ठेवलं (शाहू महाराजांच्या गावात हा शब्द जपून वापरावा लागतो, इथं त्याचा अर्थ करारातली एखादी अट न मानण्याची मोकळीक) की बेकायदा अटकेबद्दल नुकसानभरपाईचा हक्क आमच्या कायद्यात नाही. पुढं 1983ला, निर्दोष सुटूनही तुरुंगात ठेवलेल्या रुदुल साहच्या प्रकरणात आपल्याच सर्वोच्च न्यायालयानं भरपाई दिली. 1993ला ओडिशातल्या नीलाबती बेहेरांना, त्यांचा 22 वर्षांचा मुलगा पोलीस कोठडीत मेला म्हणून, दीड लाख रुपये देवविले आणि निकालात त्याच आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला. 1996ला कोठडीतल्या मृत्यूंबद्दलच्या डी. के. बसूच्या निकालात स्पष्टच म्हटलं की त्या रिझर्वेशनला आता अर्थ उरलेला नाही. बाहेर सरकारनं दार लावून घेतलं होतं, घरातल्याच न्यायालयानं कडी काढली. सार्वभौमत्व विरुद्ध मानवी हक्क अशी जी कुस्ती तू लावलीयस, तीत हे कुठं बसतं सांग. सगळीकडे असं गोड झालंय असंही नाही; छळविरोधी करारावर आपण 1997ला सही केली, अनुसमर्थन, म्हणजे तो करार स्वतःवर बंधनकारक करून घेणं, अजून नाही.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाबद्दल तू फार भाबडेपणानं लिहिलंयस. पाकिस्ताननं फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांचा 17 जुलै 2019चा निकाल वर्तमानपत्रातून नको, मुळातून वाच. पाकिस्ताननं वकिलातीशी संपर्काचा हक्क मोडला, हे 15 विरुद्ध 1 मतांनी ठरलं. पण शिक्षा रद्द करा, माणूस सोडा, ही आपली मागणी न्यायालयानं मान्य केली नाही. फेरविचार करा म्हटलं, आणि तोही पाकिस्ताननं आपल्या पद्धतीनं करायचा. खटला तरी उभा का राहिला? दोन्ही देशांनी 1963च्या एका प्रोटोकॉलखाली आधीच संमती दिली होती म्हणून. तेव्हा तुझ्या प्रार्थना-कलमात, म्हणजे शेवटी न्यायालयाकडे मागणी करतेस तिथं, 'निर्वासितांना तत्काळ परत आणावे' एवढं मागून थांबू नकोस. तेवढं मिळालं नाही तर त्याखालची पायरी कोणती, आणि त्याखालची कोणती, हे लिही. अशिलाच्या पदरात काय पडणार याचा विचार वकिलानं नाही तर कुणी करायचा?

बाकी बारीकसारीक खुणा समासात आहेत. तळटिपा तपास, दोन ठिकाणी निकालाचं वर्ष चुकलंय.

शनिवारी दुपारनंतर मोकळा आहे. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून आठवडाभर सीपीआर रुग्णालयासमोर गाडी लावायला जागा मिळत नाही, त्या दिवशी मिळते. पहिलं पान नव्याने लिहून आण, 1923च्या त्या मताची प्रत आण, आणि उन्हं उतरली की वळिवडेला जाऊ. तिथं गेलो की तो तीन सत्तांचा नकाशा तू मला जमिनीवर काढून दाखवायचास. येताना गांधीनगरात तुझ्या काकूंनी चादरी सांगितल्यात, त्याही घेऊ.

तुझा,
काका