‘कुणाला सांगणार नाही’ अशी शपथ घेऊ नकोस

«मॅडम, मी टी. वाय. बी. ए.ला आहे, विषय मानसशास्त्र. आमच्या कॉलेजात मुलांनीच चालवलेला एक ‘ऐकणारा कट्टा’ आहे. कुणाला मन मोकळं करायचं असेल तर येऊन बोलायचं. दिवाळीच्या आधी अकरावीतली एक मुलगी आली. आधी गळ्याची शपथ घातली, मग म्हणाली की घरातला एक नातेवाईक तिच्याशी नको तसं वागतो. मी आठ दिवस गप्प राहिले. झोप लागेना. शेवटी आमच्या मॅडमना सांगितलं, त्यांनी तिच्या घरी फोन केला. आता ती कॉलेजला येते, पण माझ्याकडे बघतही नाही. मला थेरपिस्ट व्हायचं होतं. जिला एक गुपित सांभाळता आलं नाही तिने या क्षेत्रात यावं का? बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे.»

(ओळख पटू नये म्हणून गाव, वर्ग, महिना असं बरंच बदललं आहे. तसं बदलणं कायद्यानेही बंधनकारक आहे.)

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो आणि ते प्रकरण आता योग्य हातात आहे. ते तिथे पोचेपर्यंत मी हे उत्तर लिहायला घेतलं नव्हतं. पण असे कट्टे हल्ली बऱ्याच कॉलेजांत आहेत, म्हणून करिअरचं बोलण्याआधी ही एक गोष्ट सगळ्यांसाठी लिहिते.

ती मुलगी अठरा वर्षांच्या आतली होती. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवण्यासाठी केलेल्या २०१२च्या पॉक्सो कायद्यातलं १९वं कलम सांगतं, की मुलावर असा अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायलाच हवं. ‘ज्याला कळेल त्याने’, असं कलम आहे. त्यात शिक्षक आले, डॉक्टर आले, समुपदेशक आले आणि कट्ट्यावर बसलेली तूही आलीस. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे तू बोललीस ते बरोबरच होतं, आठ दिवस उशिराच. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. ज्या घरात त्रास आहे त्याच घरी फोन गेला. तुझ्या मॅडमचा हेतू वाईट नव्हता. आपल्याकडे ‘पालकांना कळवलं’ की जबाबदारी संपली असं वाटतं. १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन केला असता तर त्या मुलीला आधी सुरक्षित करण्याचा विचार झाला असता.

आता तुझा प्रश्न. गुपित सांभाळता आलं नाही, असं तू लिहितेस. मला तुझी चूक वेगळीच दिसते: ती बोलण्याआधी तू शपथ घेतलीस. पुढे काय येणार आहे हे माहीत नसताना ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन प्रशिक्षित थेरपिस्ट देत नाही. पहिल्याच भेटीत, प्रश्न विचारण्याच्याही आधी तो सांगतो, की इथलं बोलणं इथेच राहील, पण अमुक तीन-चार प्रसंगी मला ते बाहेर सांगावं लागेल. हे ऐकून कुणी उठून जाईल, कुणी आठवड्याने परत येईल. पण जो बोलेल तो जाणून-बुजून बोलेल. त्या मुलीला तुझा राग आहे तो तू सांगितलंस म्हणून कमी आणि तू फसवलंस असं वाटलं म्हणून जास्त, असा माझा अंदाज आहे.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३व्या कलमात हाच तोल आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा त्याचा हक्क आहे. जीव धोक्यात असेल, दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल, न्यायालयाचा आदेश असेल, तर अपवाद. मला त्यातली एक छोटी अट फार शहाणी वाटते: इजा टाळण्यासाठी जेवढं सांगणं गरजेचं आहे तेवढंच सांगायचं. ‘हा माणूस अमक्याला मारीन म्हणतो’ हे सांगावं लागेल. त्याचं लग्न का मोडलं, हे नाही.

या पेचावर जगभर शिकवला जाणारा खटला कॅलिफोर्नियातला आहे, तारासॉफ नावाचा. त्यातला तरुण आपल्याकडचा, बंगालमधून बर्कलीला शिकायला गेलेला. एका मुलीला मारण्याचा विचार त्याने १९६९मध्ये विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञाला सांगितला. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, पोलिसांनी त्या तरुणाची चौकशी करून त्याला सोडून दिलं. त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना मात्र कुणीच काही सांगितलं नाही. ऑक्टोबरमध्ये त्याने तिचा खून केला. १९७६मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचं रक्षण करणं हेही थेरपिस्टचं कर्तव्य आहे. तुझ्या मॅडमचा फोन चुकीच्या घरी गेला. तिथे पोलिसांना कळवलं गेलं, पण जिला कळायला हवं होतं तिला नाही. कळवायचं ठरलं तरी कुणाला, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

हे मोठे प्रसंग कधीतरी येतात. रोजचे पेच बारीक असतात आणि आपल्याकडे ते पैसे देणाऱ्यापासून सुरू होतात. सेशनला मुलगा बसतो, फी वडील भरतात आणि दार उघडताच विचारतात, “काय म्हणाला?” मी थेरपिस्ट नाही, करिअरचं बोलते, तरी हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा येतो. सुरुवातीच्या वर्षांत एका वडिलांना मी सांगून टाकलं होतं, की मुलाला इंजिनिअरिंग सोडायचं आहे. मला वाटलं, मदत करतेय. तो मुलगा पुन्हा आला नाही. समोरच्या रस्त्यावर दिसला तर बाजू बदलायचा. म्हणून तुझ्या कट्ट्यावरच्या त्या मुलीची नजर मला कळते.

तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करशील तर आणखी गंमत. क्लायंट तुझ्या मावशीची शेजारीण निघेल. हळदीकुंकवाला ती समोर येईल आणि तुला अनोळखी असल्यासारखं वागावं लागेल, नाहीतर चार जणी विचारतील, ‘तुमची ओळख कशी?’ बरं वाटलं म्हणून कुणी आंब्याची पेटी आणून देईल. घ्यायची का? पुण्या-मुंबईत शिकवलेला नियम ‘नाही’ म्हणतो; गावात ‘नाही’ म्हटलं तर माणूस दुखावतो. एकदा घेऊन, पुढच्या भेटीत त्यावर मोकळेपणाने बोलणारे अनुभवी लोक मी पाहिले आहेत. नातेवाइकांवर आणि मित्रांवर उपचार मात्र करायचेच नाहीत, दुसऱ्याकडे पाठवायचं. तिथे तडजोड नको.

आणखी एक प्रसंग येणारच, तो आत्ताच मनाशी ठरवून ठेव. आईवडील मुलाला घेऊन येतील आणि म्हणतील, “त्याला मुली आवडत नाहीत, तेवढं सरळ करा.” सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले, मद्रास उच्च न्यायालयाने २०२१मध्ये असं ‘बरं करण्या’वर बंदी घालायला सांगितलं आणि २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. नसलेल्या आजारावर उपचार नसतात. रडणाऱ्या आईला हे समजेल अशा शब्दांत सांगणं हेच तिथलं काम.

आता वाट कशी धरायची. आपल्याकडे थेरपिस्ट ही पाटी लावणं फार सोपं आहे, ही या क्षेत्राची मोठी अडचण. चार दिवसांची कार्यशाळा करून इन्स्टाग्रामवर ‘आज माझी एक क्लायंट म्हणाली’ अशा पोस्ट टाकणारे तू पाहिले असशील. त्या क्लायंटने ती पोस्ट वाचली तर? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांना २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने चौकटीत आणायला घेतलं आहे. २०२५मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवायला सांगितले, तेव्हा घरबसल्या एम. ए.च्या जाहिरातीला भुलू नकोस. क्लिनिकलचं एम. फिल. जाऊन नवे अभ्यासक्रम येत आहेत. फी भरण्याआधी त्या संस्थेची त्या वर्षाची मान्यता आरसीआयच्या संकेतस्थळावर स्वतः बघ.

आणि प्रवेशाच्या वेळी विचार, की माझ्या सेशनवर देखरेख कोण करणार, आठवड्यातून किती वेळ? सुपरव्हिजन म्हणतात ते हेच. पेच पडला की आठ दिवस उशाशी घेऊन झोपायचं नाही, दुसऱ्या दिवशी अनुभवी माणसापुढे ठेवायचा. तुला कट्ट्यावर तेवढंच मिळालं नव्हतं. ज्या कॉलेजला या प्रश्नाचं धड उत्तर देता येत नाही तिथे इमारत कितीही चकाचक असो, जाऊ नकोस.

बाबांना सांग, बँकेची परीक्षा वाईट नाही, आणि या क्षेत्रात पहिली चार-पाच वर्षं पैसा बेताचाच मिळतो हेही खरं. पैशाची ओढाताण असली की बरा झालेला क्लायंट सोडवत नाही, ‘अजून दोन सेशन’ सुचतात. तेव्हा हातखर्चाची सोय आधी लावून मग शिकायला जा, अर्धवेळ नोकरी करावी लागली तरी चालेल.

तोवर कट्टा सोडू नकोस, पण नियम बदला. पुढच्या वेळी कुणी समोर बसलं की आधी एवढं म्हण: “तू सांगशील ते मी माझ्याजवळ ठेवीन. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा लहान मुलाला कुणी त्रास देत असेल, तर मला सांगावं लागेल. कुणाला सांगणार, ते आधी तुला सांगेन.” घरी मोठ्याने म्हणून बघ, तुझ्या नेहमीच्या बोलीत. जीभ अडखळेल तिथले शब्द बदल.