चार थंड रात्री आणि दोन सिलिंडर

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो आणि यंदा २२ फुटांचा जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, घेतला आहे. त्याच्या पुढच्या दांड्यावर २० पौंडांचे दोन प्रोपेन सिलिंडर आहेत. ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही दोघे, दोन मुले आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई असे पाच जण व्हर्जिनियातील शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात बिग मेडोज येथे चार रात्री राहणार आहोत आणि परतताना मेरीलँडमधील कोलंबिया येथे माझ्या बहिणीकडे थांबणार आहोत. उद्यानात ट्रेलरला विजेची जोडणी मिळत नाही. सिलिंडर ३० पौंडांचे करून घ्यावेत, असे माझे मत आहे, तर तिसरा सिलिंडर गाडीच्या डिकीत टाकावा, असे यजमानांचे म्हणणे आहे. गॅस किती लागेल, हे ठरवायचे तरी कसे?

उत्तर : सासूबाईंच्या ओळखीच्या मापाने सुरुवात करू. पुण्याच्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तुमच्या दोन सिलिंडरांत मिळून ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो, अर्थात पुण्याचा सव्वा सिलिंडर भरतो. तिकडे एवढा गॅस महिनाभर पुरून वर उरतो आणि इथे चार दिवसांची धास्ती वाटते, याचे कारण एकच आहे आणि ते म्हणजे फर्नेस, अर्थात ट्रेलर उबदार ठेवणारी गॅसची भट्टी. बाकीची उपकरणे त्या मानाने किरकोळ आहेत.

प्रत्येक उपकरणाच्या पट्टीवर ते तासाला किती बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) जाळते, हे लिहिलेले असते आणि एक पौंड प्रोपेन जळल्यावर साधारण २१,५०० बीटीयू उष्णता मिळते. तुमच्या आकाराच्या ट्रेलरातील फर्नेस २५,००० बीटीयूची धरली आणि बाहेर पारा शून्य अंश सेल्सिअसच्या जवळ असताना आत ६० अंश फॅरेनहाइट ठेवायचे म्हटले, तर ती थांबत-पेटत रात्रभरात मिळून चारएक तास जळेल, असे मी धरतो. हे झाले एका रात्रीचे साडेचार-पाच पौंड. गॅसवर चालणारा फ्रीज दिवसाला सुमारे एक पौंड घेतो. सहा गॅलनचा वॉटर हीटर दोन-तीनदा तापवला, तर अर्धा पौंड जातो. सकाळ-संध्याकाळचा चहा, वरणभात, भाजी आणि पोळ्या यांसाठी दोन शेगड्या मिळून दीड तास पेटल्या, तर आणखी एक पौंड धरावा. बेरीज दिवसाला सात-साडेसात पौंड, म्हणजे चार दिवसांचे २८ ते ३० पौंड होते. तुमच्याकडे ४० आहेत. वारा सुटला किंवा सासूबाईंना ६० अंशांत हुडहुडी भरली, तरी तेवढी सवड त्यात आहे.

मात्र ते ४० खरोखरच ४० असायला हवेत. रिकामा सिलिंडर देऊन भरलेला घेण्याची जी पिंजऱ्यातली सोय दुकानांबाहेर असते, तिथल्या सिलिंडरांत बहुधा १५ पौंडच गॅस भरलेला असतो. असे दोन घेतले, तर तुमच्या हातात ३० पौंड उरतात आणि वरचा सगळा हिशेब काठावर येतो. म्हणून आपलेच सिलिंडर प्रोपेन भरून देणाऱ्या ठिकाणी नेऊन पूर्ण भरून घ्यावेत. वरच्या कड्यावर टीडब्ल्यू या अक्षरांपुढे रिकामे वजन कोरलेले असते. ते बहुधा १७ पौंडांच्या आसपास असते, त्यामुळे भरलेला सिलिंडर घरच्या काट्यावर ३७ पौंडांच्या जवळ भरला पाहिजे. मुक्कामी काटा नसला, तर सासूबाईंना विचारावे. सिलिंडरावर ओले फडके फिरवून कुठवर ओल टिकते ते पाहण्याची युक्ती त्यांना ठाऊक असेल आणि ती इथेही बऱ्यापैकी चालते. वाऱ्यात मात्र फसते.

आता तुमच्या प्रश्नात जे आलेच नाही, ते सांगतो. माझ्या पहिल्या थंडीतल्या मुक्कामात पहाटे तीनच्या सुमारास फर्नेसचा पंखा घरघरत सुरू झाला, पण त्यामागून ज्वाळा पेटल्याचा जो ‘भप्’ असा आवाज येतो, तो काही आला नाही. टॉर्च घेऊन बाहेर गेलो, सिलिंडर हलवून पाहिला, तर तो जड लागला. गॅस भरपूर होता, उतरली होती ती बॅटरी. फर्नेसचा पंखा १२ व्होल्टवर सात-आठ ॲम्पिअर ओढतो आणि त्याला पुरेसा वेग आला नाही, तर आतला सुरक्षा-स्विच गॅस सोडतच नाही. चार तासांचे ३० ॲम्पिअर-तास, त्यात दिवे आणि पाण्याचा पंप मिळवला, की ८० ॲम्पिअर-तासांच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतला वापरण्याजोगा अर्धा भाग एका रात्रीत संपतो. मोठ्या सिलिंडरांसाठी काढून ठेवलेले पैसे दुसऱ्या बॅटरीवर आणि ती रोज चार्ज करण्याच्या सोयीवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जनरेटर नेणार असाल, तर तो कोणत्या वेळांत चालवता येतो ते आधी पाहून घ्यावे. रात्री तो चालवू देत नाहीत.

३० पौंडांचा सिलिंडर भरल्यावर ५५ पौंडांच्या आसपास जातो, म्हणजे दोघांचे मिळून पस्तीसएक पौंड वजन ट्रेलर गाडीला जिथे अडकतो, नेमके तिथे वाढते. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार त्या ठिकाणी असावा, हा सर्वसाधारण नियम तुम्हाला माहीत असेलच. तुमची गाडी त्या मर्यादेच्या जवळ असेल, तर हे पस्तीस पौंड फुकटचे नाहीत.

डिकीतल्या तिसऱ्या सिलिंडराला माझा सरळ नकार आहे. प्रोपेन हवेहून जड असतो आणि बंद गाडीत गळला, तर तळाशी साचून राहतो. मागे मुले बसलेली असताना तो धोका कशासाठी पत्करायचा? थंडी फारच वाढली, तर ट्रेलरमध्ये शेगड्या पेटवून ऊब घेण्याचा मोहही टाळावा आणि निघण्यापूर्वी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासून घ्यावा.

राहिला परतीचा रस्ता. कोलंबियाहून न्यू जर्सीला निघालात, की नकाशा तुम्हाला आय-९५ वरून बॉल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री बोगद्यात घालेल. प्रत्येकी १० पौंडांहून अधिक प्रोपेनचे सिलिंडर असलेल्या वाहनांना त्या बोगद्यात आणि शेजारच्या हार्बर बोगद्यातही मनाई आहे, मग तुमचे सिलिंडर २० चे असोत की ३० चे. पूर्वी अशा वाहनांसाठी ‘फ्रान्सिस स्कॉट की’ हा पूल होता, पण २६ मार्च २०२४ रोजी जहाज धडकून तो कोसळला. आय-६९५ च्या पश्चिमेकडील वळशाने जावे आणि त्यासाठी अर्धा तास जादा धरावा.

प्रश्न : जुन्या ट्रेलरबरोबर आलेला सिलिंडर भरून देण्यास एका दुकानदाराने नकार दिला. गळती नाही, गंजही नाही. मग अडचण काय असावी?

उत्तर : कड्यावर कोरलेला महिना आणि वर्ष पाहावे. त्या तारखेला १२ वर्षे उलटून गेली असतील आणि पुन्हा तपासणी झाल्याचा शिक्का नसेल, तर दुकानदाराला तो भरता येत नाही. झडपेची मूठ तीन पाकळ्यांची नसून गोल असेल, तर त्यात जादा भरणे रोखणारी यंत्रणा नाही, असे समजावे. तसा सिलिंडरही २००२ पासून कोणी भरून देत नाही. तपासणीसाठी हेलपाटे घालण्यापेक्षा तो पिंजऱ्यावाल्या दुकानात देऊन चालू तारखेचा घ्यावा. आतला १५ पौंड गॅस संपला, की तोच सिलिंडर नेऊन पूर्ण २० पौंड भरून घेता येतो. बदलून घेण्याची सोय मी स्वतः फक्त एवढ्यासाठीच वापरतो.