सुट्टीतली पोरं, तलाव आणि पक्ष्यांचं पाणी

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्यात कचराळी तलावाजवळ राहतो. सुट्टीत सोसायटीतल्या पोरांनी गच्चीवर पक्ष्यांसाठी पाणी ठेवलंय, पण काही जण म्हणतात डास होतील, काढून टाका. आणि रोज संध्याकाळी ही पोरं तलावात माशांना पाव टाकतात, ते चालतं का?

उत्तर : पाणी अजिबात काढू नका हो! फक्त रोज बदला, आणि नुसतं ओतून नाही तर भांडं आतून घासून, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात आणि सुकली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, पुन्हा पाणी लागलं की अळ्या बाहेर. अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, म्हणजे रोज घासलं तर प्रश्नच नाही. पसरट, उथळ मातीचं भांडं घ्या, सावलीत ठेवा, मधे एक दगड टाका, चिमणीला बसायला बरं पडतं.

पाव मात्र बंद. उन्हानं तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो, त्यात पाव कुजला की उरलासुरला पण जातो, आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात, बघवत नाही अक्षरशः. पोरांना ओरडू नका, त्यांना माया आहे म्हणूनच टाकतात ना. त्यापेक्षा सोसायटीतला पालापाचोळा गोळा करायला लावा, कुणी जाळायच्या आत! स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर त्याचा थर दिला की वास येत नाही आणि खत मस्त होतं.